बाबांची बीएसए

आमच्या भिंगारच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्या कोपऱ्यात, लष्करी रंगाच्या ताडपत्रीखाली, बेचाळीस वर्षे एक मोटारसायकल उभी होती. घरात तिला कोणी मोटारसायकल म्हणत नसे. आई म्हणायची 'फटफटी', शेजारीपाजारी म्हणायचे 'फिटरसाहेबांचा रणगाडा', आणि बाबा म्हणत 'बीएसए'. मे २०२० मध्ये मी शाळेतून निवृत्त झालो. टाळेबंदीमुळे निरोपसमारंभ झाला नाही, हारतुरे झाले नाहीत. पुढच्याच आठवड्यात मी शेडचे कुलूप काढले आणि ती ताडपत्री बाजूला केली. पुढची तीन वर्षे त्या गाडीच्या दुरुस्तीत गेली. तिच्याविषयी लिहावे असे अनेक दिवस मनात होते. परंतु लिहायला बसलो की एका प्रसंगापाशी लेखणी अडत असे. आज तो प्रसंगही सांगणार आहे.

प्रथम गाडीची ओळख करून देतो. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली इंग्लंडातील बंदुका घडविणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली, म्हणून तिचे चिन्ह एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांचे. पुढे ती सायकली आणि मोटारसायकली करू लागली. आमची गाडी 'एम-२०' या जातीची. एकच सिलिंडर, ४९६ सीसी, ताकद अवघी तेरा अश्वशक्ती, आणि वजन मात्र सुमारे १७० किलो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या तयार झाल्या. नोव्हेंबर १९४० मध्ये त्या कारखान्यावर जर्मन विमानांनी बाँब टाकले आणि रात्रपाळीचे ५३ कामगार ढिगाऱ्याखाली मेले. तरीही गाड्या निघतच राहिल्या. देखणेपण त्यांच्या वाट्याला आले नाही, वेगही आला नाही. परंतु हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालावे, वाळूत आणि चिखलात बंद पडू नये, आणि कुठल्याही सैनिकाला चार पान्यांनी खोलता यावे, एवढे मात्र त्यांच्या घडणीत पक्के होते.

अशी गाडी नगरला यावी यात नवल नाही. हे शहर, ज्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले, मुळात चाकांचे आणि इंजिनांचे शहर आहे. रणगाड्यांच्या दलाचे शिक्षण देणारे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल येथे आहे. लष्करी वाहनांची चाचणी घेणारी व्हीआरडीई ही संशोधनसंस्था येथे आहे. १९७२ साली बाजारात आलेली लूना ज्या कायनेटिक इंजिनिअरिंगने केली, तिचा कारखानाही नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. लष्कराने मोडीत काढलेल्या वस्तूंना आमच्याकडे 'डिस्पोजलचा माल' म्हणत. ब्लँकेटे, बूट, पाण्याच्या बाटल्या, कधी जीप, कधी मोटारसायकल. बाबा लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नागरी फिटर होते. १९६३ साली डिस्पोजलच्या लिलावात त्यांनी ही बीएसए घेतली. तेव्हा मी एक वर्षाचा होतो. त्या पैशांत घराला कौले येणार होती, असे आई पुढे कित्येक वर्षे, विशेषतः पावसाळ्यात, सांगत असे.

त्या गाडीवर आमचे लहानपण गेले. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला निघायचे, तेव्हा टाकीवर मी, मागे एका बाजूला पाय सोडून आई, तिच्या मांडीवर धाकटी बहीण, आणि कॅरिअरला भाकरीचे गाठोडे, अशी स्वारी राहुरी, श्रीरामपूर करीत निघे. पाऊस पडून गेलेला असला की त्या भागातली काळी माती चाकाच्या मडगार्डमध्ये गच्च भरे. मग बाबा उतरत, बाभळीच्या काडीने माती उकरून काढत आणि पुन्हा किक मारत. यात्रेहून परतणाऱ्या कोणाची बैलगाडी अडली असेल, कोणाच्या टेम्पोचा पंखा तुटला असेल, तर तेथे आमचा मुक्काम ठरलेलाच. 'फिटर आला की आपण दोन तास उशिरा', हे आईचे वाक्य आम्हांला पाठ होते.

सुटे भाग मिळत नसत. इंग्लंडहून मागवावेत अशी ऐपत नव्हती. म्हणून जे झिजले ते बाबांनी स्वतः घडविले. पुढच्या दांडीचे बुश त्यांनी लेथवर तोफधातूचे करून घातले. टाकीला चीर गेली तेव्हा पितळी पट्टी डाखली. पेट्रोलच्या टाकीचे झाकण एकदा वाटेत कुठे पडले ते सापडले नाही. दुसऱ्या दिवशी टाकीवर एक सुबक पितळी झाकण बुचाच्या चकतीसह बसलेले दिसले, आणि आईच्या हिंगाच्या डबीवर मात्र दोऱ्याने कागद बांधलेला दिसला. यावरून घरात काय झाले असेल ते वाचकांनी जाणावे.

मला हत्यारांची ओळख त्यांनीच करून दिली. ते म्हणत, "आधी ऐकावं, मग पाना उचलावा." या गाडीला आपले नेहमीचे एमएमचे पाने चालत नाहीत. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे एक प्रमाण ठरवून दिले. आट्यांचा कोन पंचावन्न अंशांचा. त्या पान्यावरचा आकडा नटाची रुंदी सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. ज्याला हे माहीत नाही तो दुसरा पाना लावतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. बाबांचा व्हिटवर्थ पान्यांचा संच खाकी कापडाच्या वळकटीत असे. प्रत्येक पान्याला शिवलेला कप्पा. काम संपले की प्रत्येक पाना पुसून त्याच्या घरात गेलाच पाहिजे. ती वळकटी त्यांनी आपल्या जुन्या गणवेशाची स्वतः शिवली होती.

सोळाव्या वर्षी मी त्या गाडीचे इंजिन वरपासून खालपर्यंत ओळखत होतो. सर्वांत मला आवडे तो मॅग्डायनो. सिलिंडरच्या मागे, इंजिनाच्या पाठीवर पट्ट्याने बांधलेले हे यंत्र म्हणजे ठिणगी देणारा मॅग्नेटो आणि दिव्याला वीज देणारा डायनॅमो यांची जोडगोळी. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्याच्या पोटात चुंबक असतो, तारेचे वेटोळे फिरते आणि ठिणगी आपोआप जन्मते. तो उतरवायचा तर उजव्या बाजूचे टायमिंगचे झाकण खोलून आतला दातेरी गिअर ओढून काढावा लागतो. गिअर निसटत्या निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेला असतो. तो ओढायची युक्ती बाबांनी मला शिकविली. घरात ती दोघांनाच येत होती.

१९७८ साली गाडीच्या इंजिनात खालून ठोके ऐकू येऊ लागले. कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग गेले होते. बाबांनी इंजिन बंद केले, गाडी शेडमध्ये उभी केली आणि सायकल घेतली. "सहा वर्षांनी निवृत्त झालो की सवडीने करीन," असे ते म्हणाले. अधूनमधून शेडमध्ये जाऊन सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून येत.

आता तो प्रसंग. १९८१ साली मी कॉलेजात होतो. माझ्या एका मित्राला जुनी लूना मिळत होती; निम्मे पैसे मी घातले तर ती दोघांची होणार होती. बाबांजवळ पैसे मागितले. "सायकल आहे ना?" एवढेच ते म्हणाले. एका दुपारी ते कामावर आणि आई चर्चमध्ये असताना मी शेडमध्ये गेलो. टायमिंगचे झाकण काढले, शिकविल्याप्रमाणे गिअर ओढला, पट्टा सोडला आणि तो मॅग्डायनो पिशवीत घातला. झाकण पुन्हा लावले, सगळे स्क्रू जागच्या जागी कसले, पाने पुसून वळकटीत ठेवले. भंगारवाल्याने तांब्याच्या आणि पितळेच्या भावाने १४० रुपये दिले. लूनाचा व्यवहार पुढे फिसकटला आणि ते पैसे चहापाणी, सिनेमा यांत संपले. मी स्वतःला समजावले की मोडक्या गाडीचा एक मोडका भाग गेला, त्यात काय!

बाबा १९८४ साली निवृत्त झाले. आम्ही सारे वाट पाहत होतो की आता शेडमधून हातोडीचा आवाज येईल. तो आला नाही. त्यांनी पेरूची दोन झाडे लावली, शेजाऱ्यांच्या शिलाई यंत्रांची दुरुस्ती केली, चर्चच्या घंटेचा अडकलेला दांडा सरळ केला. बीएसएचे नाव काढले नाही. मी नोकरीला लागलो होतो; त्यांचा उत्साह ओसरला असेल असे मी सर्वांना सांगे. १९९१ साली ते गेले. त्या दहा वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

जून २०२० मध्ये मी टायमिंगचे झाकण पुन्हा खोलले. एकोणचाळीस वर्षांनी. आत गंज, उंदराची घाण, कुंभारमाशीचे घर, काहीही असू शकले असते. मॅग्डायनोचा दांडा जेथून आत शिरतो तेथे इंजिनाला रुपयाएवढे भोक राहते, आणि मी ते तसेच उघडे टाकून गेलो होतो. परंतु आत सारे स्वच्छ होते. दाते जणू काल पुसल्यासारखे, त्यांवर ग्रीसचा पातळ थर. त्या भोकात एक बोळा बसविलेला होता. खाकी कापडाचा, कडा दुमडून टाके घातलेला, ग्रीसमध्ये भिजविलेला, आणि वरून तांब्याच्या तारेने आवळलेला. ते कापड पान्यांच्या वळकटीचेच होते. मी वळकटी आणून पाहिली. तिच्या शेवटचा मोकळा तुकडा कापून घेतलेला होता.

मी त्या शेडमध्ये किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. ज्याला ते झाकण खोलता येते असे घरात दोनच माणसे होती, हे बाबांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. त्यांनी पाहिले, ओळखले, आणि धूळ जाऊ नये म्हणून त्या भोकाला बूच शिवले. मग झाकण बंद केले.

आई तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची होती. तो बोळा तिच्या हातात ठेवला आणि सर्व सांगितले. तिने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "टाके त्यांचेच आहेत. माझे इतके वाकडे नसतात." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्याला काही विचारू नकोस, असं मला म्हणाले होते. कशाविषयी ते मला कधी सांगितलं नाही." तीन महिन्यांनी तिने आपणहून विचारले, "गाडी कुठवर आली?"

गाडी हळूहळू येत होती. इंजिनाची खालची बाजू पुण्याच्या एका कारागिराने नव्या पिनेवर बांधून दिली. सिलिंडर नगरच्या एमआयडीसीतील एका टर्नरने घोटून दिले. राहिला मॅग्डायनो. तो पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी रविवारी हिंडून शोधला. पहिला मिळाला त्यावरचा बाण उलट्या दिशेचा निघाला. तो आमच्या इंजिनाला चालणारा नव्हता. दुसरा मिळाला तो योग्य होता, परंतु त्याचे चाक हलेना. तो खोलल्यावर एक गोष्ट कळली ती वाचकांना आवडेल. त्या काळी या यंत्रांतील तारेच्या वेटोळ्यांना लाखेचा लेप देत असत. लाख म्हणजे आपल्या पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर किड्यांनी केलेली. तिचा सर्वांत मोठा उत्पादक आपला देश. काही दशकांनी उन्हाने आणि इंजिनाच्या आचेने ही लाख पुन्हा मऊ पडते, चिकट होऊन ओघळते आणि वेटोळे जागच्या जागी धरून ठेवते. इंग्रजी यंत्राच्या पोटात अडकून बसलेली ती वस्तू बहुधा आपल्याच रानातली होती. पंपांच्या मोटारी भरणाऱ्या नगरच्या एका वृद्ध कारागिराने केसासारख्या तारेचे हजारो वेढे पुन्हा गुंडाळून दिले. त्याला चष्म्यावर भिंग लावावे लागले. पैसे विचारले तर म्हणाला, "चालू झाली की आवाज ऐकवा, मग बघू."

या सुमारास पुण्याचे एक संग्राहक गाडी पाहायला आले. जाणकार आणि सज्जन गृहस्थ. त्यांनी गाडीची चांगली किंमत सांगितली, परंतु एका अटीवर. पितळी पट्टी काढावी, हाताने केलेले बुश काढावेत, हिंगाच्या डबीचे झाकण तर काढावेच; इंग्लंडातून अस्सल भाग मिळतात, ते घालून गाडी 'मूळ रूपात' आणावी. कायद्याचेही म्हणणे साधारण असेच आहे. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. वाहन मूळ रूपात हवे, त्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, मग क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, आणि ती गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. वारसा जपण्यासाठी नियम चांगलाच आहे.

परंतु मूळ रूप म्हणजे कोणते, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडीना. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून ती निघाली तेव्हाचे? ते मी पाहिलेले नाही. बाबांनी लिलावात घेतली तेव्हाचे? की ज्या दुपारी मी शेडमध्ये शिरलो त्याच्या आदल्या दिवसाचे? खरे सांगायचे तर माझ्या मनात हेच शेवटचे होते. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या माणसाला पुष्कळदा वाटते की आपण काळ मागे फिरवीत आहोत. रंग चढतो, क्रोम चमकते, आणि मधले काही घडलेच नव्हते असा भास होतो. माझ्या गाडीत मात्र मधलेच सारे होते. ते काढून टाकले असते तर बाबांचे पंधरा वर्षांचे हात त्याबरोबर गेले असते, आणि माझ्या हातांचा पुरावाही गेला असता. तो पुरावा जावा असा मोह मला झाला नाही, असे मी म्हणणार नाही.

शेवटी मी पट्टी ठेवली. बुश झिजले होते. त्याच मापाचे तोफधातूचेच दुसरे घडवून घेतले. झाकणाला नवे बूच घातले. मॅग्डायनोवर दुसऱ्याच कुठल्या गाडीचा क्रमांक आहे, तो घासून पुसला नाही. जाणकार माणूस पहिल्याच नजरेत ओळखतो आणि विचारतो, "हा मूळचा नाही ना?" मी म्हणतो, "नाही. मूळचा मी विकला." गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी सात-आठ जणांना सांगितले आहे. पहिल्या वेळी आवाज बसला होता. आता बसत नाही.

ज्या कंपन्यांनी या गाड्या घडविल्या त्यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. जपानी मोटारसायकली आल्या आणि १९७० च्या आसपास इंग्लंडातला हा उद्योग कोसळला. बीएसए १९७३ च्या सुमारास संपली. रॉयल एन्फील्ड तेथे बंद पडली. मद्रासला १९५५ साली निघालेल्या तिच्या शाखेने मात्र बुलेट जिवंत ठेवली. आज बीएसएचे नाव महिंद्रांच्या समूहाकडे आहे, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे, आणि ट्रायम्फच्या काही गाड्या २०२३ पासून बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होतात. बाबांना हे सांगता आले असते तर ते हसले असते. पेट्रोलही बदलले आहे. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, बरेचसे आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊसकरी मुलखांतले. या इथेनॉलने जुन्या टाकीच्या आतला लेप सुटतो, रबर फुगते आणि हवेतला ओलावा शोषला जाऊन तळाशी गंज धरतो. म्हणून गाडी फार दिवस उभी करायची असेल तर मी टाकी रिकामी करून ठेवतो.

ऑक्टोबर २०२३ मधल्या एका सकाळी सारे जोडून झाले. मॅग्नेटोच्या पॉइंटमधली फट इंचाच्या हजार भागांतले बारा भाग ठेवायची असते. ती माझ्या मुलीने मापली. ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते पाहण्यासाठी पॉइंटमध्ये पतंगाचा पातळ कागद धरायचा आणि चाक हलके फिरवायचे. कागद सुटला तो क्षण. हे बाबांनी मला शिकविले होते, मी तिला शिकविले. मग पेट्रोलचा कॉक उघडला, कार्बुरेटरची कळ दाबून पेट्रोल वर आणले, ठिणगीची दांडी मागे घेतली, व्हॉल्व्हची कळ ओढून पिस्टन जागेवर आणला. पहिल्या किकला काही नाही. चौथ्या किकला एक खोकला. अकराव्या किकला ती बोलली. तो आवाज लिहिता येत नाही; 'फटफटी' हा शब्द ज्याने केला त्याने ऐकूनच केला असणार. वृद्ध कारागिराला फोन लावून मी मोबाइल सायलेन्सरजवळ धरला.

आई खुर्ची टाकून दारात बसली होती. मला वाटले ती बाबांविषयी काही बोलेल. ती टाकीकडे पाहत म्हणाली, "माझं झाकण अजून आहे की!"

आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात, १९९४ साली ते उघडले तेव्हापासून, देशोदेशीचे रणगाडे शिस्तीने उभे आहेत. ते उभे आहेत हेच त्यांचे काम. माझी गाडी तशी उभी राहू नये, असे मला वाटते. रविवारी मिस्सानंतर मी तिला थोडे फिरवून आणतो. ती तेल गाळते. उभी असताना टाकीतले तेल झिरपून इंजिनाच्या तळाशी जमते, ते किक मारण्यापूर्वी काढून पुन्हा वर ओतावे लागते. खाली एक पत्र्याचा डबा ठेवलेलाच असतो. हे काम संपणारे नाही आणि संपावे अशी इच्छाही नाही.

पान्यांची वळकटी आता मुलीकडे दिली आहे. तिच्या शेवटच्या, कापलेल्या कडेशी तो बोळा शिवून टाकावा असे तिने सुचविले. मी नको म्हटले. तो बोळा हत्यारांच्या पेटीत वेगळा ठेवला आहे, तारेसकट. कधी मॅग्डायनो पुन्हा उतरवावा लागला, तर ते भोक बंद करायला लागेल.